दीड शिलिंगाची यादी : नाशिकचा जेकब वेनराइट आणि गुलामीनंतरची गोष्ट

मे १८७३. आजच्या झांबियात, बांग्वेउलू सरोवराच्या दक्षिणेला चितांबो नावाच्या सरदाराचं गाव. एका गवती झोपडीपुढे साठेक माणसं जमली आहेत. आत डेव्हिड लिव्हिंगस्टन, आफ्रिका पालथी घालणारा स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक, मरून पडला आहे. पहाटे माणसं आत गेली तेव्हा तो गुडघ्यांवर होता, डोकं बिछान्यावर टेकलेलं. बाहेर त्याच्या पेट्या सगळ्यांसमोर उघडल्या जात आहेत आणि एक तरुण आफ्रिकन छोट्या वहीत इंग्रजीत यादी करतो आहे. एका पेटीत सुमारे दीड शिलिंग. दुसरीत टोपी, एक घड्याळ, मोजमापाच्या उपकरणांच्या दोन छोट्या डब्या. होकायंत्र एक. आणखी काही उपकरणं, ज्यांची नावं त्याला येत नाहीत, म्हणून तो प्रामाणिकपणे लिहितो, मोजमापाची दुसऱ्या प्रकारची तीन, आणखी दुसऱ्या प्रकारची चार.

त्या तरुणाचं नाव जेकब वेनराइट. तो याओ जमातीचा. लहानपणी पकडून विकला गेलेला, समुद्रावर इंग्रजांच्या आरमाराने सोडवलेला, आणि लिहायला शिकला तो आपल्या नाशकात, शरणपुरात.

गुलामीवरच्या ऐतिहासिक कादंबरीचा विचार करताना मी नेहमी या यादीपाशी येऊन थांबतो. गुलामीवर लिहायचं तर बाजार, साखळ्या आणि चाबूक लिहावे लागतातच. पण सुटकेनंतर काय, हा प्रश्न मला जास्त छळतो. सुटलेल्या माणसाच्या शब्दाला किती किंमत मिळते? जेकबच्या प्रकरणात या प्रश्नाचं उत्तर हाडामांसासकट हाती लागतं. म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

शरणपूर

आफ्रिकेतून आलेली माणसं म्हटली की मराठी वाचकाला जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात, मलिक अंबर आठवतो. अंबरही विकला गेलेला गुलाम होता, पण तो निजामशाहीचा वजीर झाला म्हणून लक्षात राहिला. शरणपूरच्या मुलांपैकी कुणी वजीर झालं नाही. नाशिकमध्ये शरणपूर रोड रोज हजारो लोक तुडवतात. ‘शरणपूर’ म्हणजे कुणाच्या शरण येण्याचं पूर, हे क्वचितच कुणाला ठाऊक असतं.

चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४च्या सुमारास ही वसाहत वसवली, मुळात इथल्याच ख्रिस्ती झालेल्यांसाठी. पुढे १८६०च्या आसपास तिथे आफ्रिकन मुलांचा आश्रम आला. त्या काळी इंग्रजांची जहाजं अरबी समुद्रात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांची गलबतं पकडत. पकडलेल्या गलबतातल्या माणसांना परत घरी पोचवणं कुणाच्याच हातात नव्हतं. घर म्हणजे किनाऱ्यापासून कित्येक आठवड्यांच्या वाटेवरचं, बहुतेकदा जाळलं गेलेलं गाव. मग त्यांना एडनला किंवा मुंबईला उतरवत. मुंबईत ती पोलिसांच्या ताब्यात जात आणि तिथून वाटली जात, कुणी कुणाच्या घरी कामाला, कुणी मिशनकडे.

या व्यापाराच्या साखळीत हिंदी माणूस नव्हता असंही नाही. जंगबारच्या, म्हणजे झांझिबारच्या, सुलतानाच्या जकातीचा मक्ता कैक वर्षं कच्छी व्यापाऱ्यांकडे होता. हस्तिदंताच्या ज्या काफिल्यांना त्यांचं भांडवल मिळे, त्याच काफिल्यांतून माणसंही किनाऱ्यावर येत. आणि घरातलंही सांगितलंच पाहिजे. पेशवे दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. तेव्हा ही दूरदेशीची गोष्ट आहे असं समजून वाचू नये.

शरणपुरात मुलांना सुतारकाम, लोहारकाम शिकवत. लिहायला-वाचायला आणि प्रार्थना शिकवत. आणि नवी नावं देत. सायमन प्राइस हे नाव संस्थापकाच्या आडनावावरून. रिचर्ड आयझेनबर्ग हे आश्रम चालवणाऱ्या जर्मन मिशनऱ्याच्या आडनावावरून. मॅथ्यू वेलिंग्टन नावाच्या मुलाचं खरं नाव चेंग्विंबे होतं. गुलाम करणाऱ्यानेही नाव बदलायचं आणि सोडवणाऱ्यानेही बदलायचं! मिशनरी दुष्ट होते असं मला म्हणायचं नाही. त्या मुलांना कुणी जेवू घातलं, शिकवलं, तर ते त्यांनीच. पण आठ-दहा वर्षांच्या पोराला पाटीवर एका इंग्रजाचं आडनाव गिरवायला लावणं म्हणजे काय, हे कोणत्याही अहवालात येणार नाही. ते कादंबरीनेच लिहायचं असतं.

१८६५च्या सप्टेंबरात लिव्हिंगस्टन मुंबईला आला. त्याला आफ्रिकेच्या आतल्या भागात जाण्यासाठी माणसं हवी होती, आणि फ्रियर साहेब तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. शरणपूरची नऊ मुलं त्याच्याबरोबर निघाली. मुंबईच्या मरीन बटालियनचे काही शिपाईही होते. ते फार टिकले नाहीत, परत पाठवले गेले. त्याच्याबरोबर चुमा होता. तो याओ, १८६१मध्ये शिरे नदीच्या डोंगराळ भागात गुलामांच्या तांड्यातून सोडवलेला, आणि मधला काळ मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत राहिलेला. आणि झांबेझीकाठच्या शुपांगाचा सुसी.

जेकब या पहिल्या तुकडीत नव्हता. १८७२मध्ये स्टॅनलीने, म्हणजे लिव्हिंगस्टनला शोधून काढणाऱ्या वार्ताहराने, जंगबारहून जी नवी माणसं पाठवली, त्यांत तो, कॅरस फरार आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे शरणपूरचे तरुण होते. म्हणजे ज्या मुलखातून त्यांना साखळीत बांधून किनाऱ्यावर आणलं, त्याच मुलखात ते आता कुणाचं तरी सामान घेऊन, पगारावर, परत निघाले होते. मला या एका वाक्यात एक अख्खी कादंबरी दिसते.

प्रेताचं काय करायचं

आता मूळ प्रसंग. साहेब मेला. किनारा हजार मैलांहून जास्त लांब. वाटेत प्रेत घेऊन जाणाऱ्यावर चेटकाचा आळ यायचा, दंड व्हायचा, भांडणं पेटायची. सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे तिथेच पुरायचं आणि पेट्या घेऊन परत जायचं. लिव्हिंगस्टनची बायको झांबेझीकाठी पुरली होती; तो आफ्रिकेच्या मातीत राहिला असता तर कुणी नावं ठेवली नसती.

त्यांनी तसं केलं नाही. का नाही केलं?

इंग्लंडने या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकलं : निष्ठा. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांच्यासाठी जी चांदीची पदकं पाडली, त्यांवर ‘अखेरपर्यंत एकनिष्ठ’ अशा अर्थाचे शब्द कोरले होते. पदकं तयार होईतो माणसं पांगली होती. अनेकांच्या हाती ती पडलीच नाहीत. पण शब्द चिकटला तो चिकटलाच. शंभर-सव्वाशे वर्षं पुस्तकांतून, रविवारच्या शाळांतून, चित्रांतून ही माणसं ‘इमानी नोकर’ म्हणूनच उभी राहिली.

मला हे उत्तर खोटं वाटत नाही, अपुरं वाटतं. माया असेल, आदरही असेल. सात सात वर्षं एकत्र उपास काढले की माणूस माणसाला धरून राहतो. पण या निर्णयामागे एक जुनी घटना आहे आणि ती मुद्दाम पुढे आणली पाहिजे. १८६६मध्ये मोहिमेतले जोहाना बेटावरचे लोक, मुसा त्यांचा म्होरक्या, वाटेतून पळून किनाऱ्यावर आले आणि डॉक्टरला मारून टाकलं असं सांगून मोकळे झाले. इंग्लंडात मृत्युलेख छापून आले. मग १८६७मध्ये खास शोधमोहीम पाठवावी लागली तेव्हा कळलं की बातमी खोटी होती. ही गोष्ट काफिल्यातल्या प्रत्येकाला माहीत असणार. आता हे साठजण रिकाम्या हातांनी किनाऱ्यावर जाऊन म्हणाले असते, साहेब खरोखरच वारला, आम्ही त्याला नीट पुरलं, तर? विश्वास कोण ठेवणार होतं? उलट प्रश्न आले असते. तुम्ही त्याला टाकून आलात का? लुटलंत का?

त्या सकाळी पेट्या उघडल्या कशा, हे बघा. सुसी आणि चुमा यांनी सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांच्या देखत पेट्या उघडल्या, म्हणजे पुढे कुणी कुणावर बोट ठेवायला नको. बाकीच्यांनी त्या दोघांना सांगितलं की तुम्ही जुने जाणते आहात, आता तुम्हीच आमचे म्होरके. आणि जेकबला यादी करायला बसवलं. आपल्याकडे गावात कुणी बेवारस मेलं की पंच गोळा करतात आणि पंचनामा करतात. चितांबोच्या गावात झालं ते अगदी तसंच. दीड शिलिंग लिहून ठेवायची गरज कुणाला वाटते? ज्याच्यावर दीड शिलिंगाच्या चोरीचा आळ येऊ शकतो, त्याला.

हे कागद, उपकरणं, वह्या म्हणजे पुरावा होता. आणि प्रेत हा त्यांतला सगळ्यात मोठा पुरावा.

त्यांनी गावाबाहेर लाकडी खांबांचं भक्कम कुंपण घालून वर आकाश मोकळं असलेली खोली बांधली. फरजाला नावाचा माणूस जंगबारला एका डॉक्टरकडे नोकरीला होता आणि तिथे शवविच्छेदन पाहिलेला. त्याने चीर दिली, शरणपूरच्या कॅरसने मदत केली. भोवती बाकीच्यांनी घोंगडी धरून आडोसा केला. काळीज आणि आतडी पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली, आणि जेकबने प्रार्थनापुस्तकातली अंत्यविधीची प्रार्थना वाचली. मग प्रेताला मीठ भरलं आणि दोन आठवडे उन्हात वाळवलं, दररोज एकदा कूस बदलत. कापड गुंडाळलं, झाडाची साल सोलून तिच्या नळकांड्यात ते ठेवलं, वरून शिडाचं कापड शिवून डांबर फासलं. जेकबने झाडाच्या बुंध्यावर लिव्हिंगस्टनचं नाव, तारीख आणि आपल्यातल्या काहींची नावं कोरली. १८९९मध्ये तो बुंध्याचा तुकडा कापून लंडनला नेण्यात आला.

ही सगळी कामं नीट, क्रमाने, न घाबरता झाली आहेत. सुतारकाम, शिवणकाम, डॉक्टरकडे पाहिलेलं, शाळेत शिकलेलं, रानात मुरलेलं असं प्रत्येकाचं जे काही होतं ते वापरलं गेलं. केवळ भक्तीने हे होत नाही. त्याला अक्कल लागते आणि एकमेकांवर भरवसा लागतो.

नऊ महिने

प्रवासाचा एकेक दिवस सांगत बसत नाही. आजारपणाने काफिला कित्येक दिवस एका जागी अडकला, एका गावात लढाई झाली. ऑक्टोबरमध्ये ते आजच्या टांझानियातल्या उन्यान्येंबेला पोचले, तिथे लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला, लिव्हिंगस्टनच्याच मदतीला निघालेला. त्याने सल्ला दिला की प्रेत इथेच पुरा. ते ‘नाही’ म्हणाले. गोऱ्या अधिकाऱ्याला तोंडावर नाही म्हणणारे हे तेच ‘इमानी नोकर’. उपकरणं मात्र त्याने काढून घेतली.

पुढे कासेकेराजवळ वाट अडली, प्रेत पुढे जाऊ देणार नाही म्हणून. तेव्हा त्यांनी शक्कल लढवली. ज्वारीच्या ताटांची एक मोठी मोळी प्रेतासारखी कापडात बांधली आणि सहाजण ती वाजतगाजत परत उन्यान्येंबेकडे घेऊन निघाले, पुरायला नेतो म्हणून. रानात गेल्यावर मोळी सोडून ताटं इकडेतिकडे फेकली आणि एकेक करून रात्री परत आले. इकडे खरं प्रेत सालीतून काढून, पाय दुमडून, कापडाच्या व्यापारी गठ्ठ्यासारखं बांधलं. कापडाच्या गठ्ठ्याला कोण अडवणार?

याच वाटेवर लोसी नावाची मुलगी पाण्याचं भांडं घेऊन चालताना साप चावून मेली. छापील वृत्तांतात तिच्या वाट्याला काही ओळी येतात. काफिल्यात बाया होत्या, स्वयंपाकीण हलिमा होती, सुसी आणि चुमाच्या बायका होत्या, पोरं होती. ‘साठ माणसांनी प्रेत वाहिलं’ असं आपण म्हणतो तेव्हा पाणी कुणी वाहिलं हे राहून जातं.

१८७४च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला पोचले. जंगबारच्या इंग्रज वकिलातीने हिशेब करून पगार चुकता केला आणि त्यांना मोकळं केलं. नऊ महिन्यांनी किनारा गाठला, आणि पुढच्या जहाजावर त्यांच्यासाठी जागा नव्हती. एकट्या जेकबला मिशनने खर्च देऊन प्रेताबरोबर पाठवलं. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. शवपेटीबरोबर चालण्याचा मान मिळालेल्या मोजक्या लोकांत जेकब होता. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोचले ते दफन आटोपल्यावर.

पण दफनाआधी एक गोष्ट झाली. सर विल्यम फर्ग्युसन या शल्यचिकित्सकाने प्रेत तपासलं. लिव्हिंगस्टनच्या डाव्या दंडाचं हाड १८४४मध्ये सिंहाने चावून मोडलं होतं आणि ते वेडंवाकडं जुळलं होतं. ती खूण सापडली, तेव्हा लंडनने मान्य केलं की होय, हा तोच. जेकब तिथे हजर होता, इंग्रजी बोलत होता, रोजनिशी लिहिलेली होती. चालला तो हाडाचा शब्द. चितांबोच्या गावात त्या साठजणांनी मनात जो हिशेब केला असेल, तो असा अगदी बरोबर निघाला.

कागद कुणाचे

सुसी आणि चुमाने इंग्लंडात होरेस वॉलरला लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या रोजनिश्या संपादित करायला मदत केली, आणि मृत्यूनंतरचा भाग त्यांच्या तोंडून ऐकून वॉलरने आपल्या भाषेत लिहिला. चुमा-सुसीचं जे काही आपल्यापर्यंत येतं ते वॉलरच्या चाळणीतून येतं. जेकबने मात्र स्वतः लिहिलं होतं. त्याची रोजनिशी १८७४मध्ये जर्मन भाषांतरात एका भूगोलविषयक मासिकात छापली गेली, आणि त्याचं स्वतःच्या हातचं इंग्रजी लिखाण सर्वांना वाचायला खुलं झालं ते २०१९मध्ये.

त्याच २०१९मध्ये झिंबाब्वेच्या पेटिना गप्पा यांची ‘आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट’ ही कादंबरी आली. तिचे दोन मोठे भाग हलिमा आणि जेकब यांच्या तोंडून येतात. ज्यांनी भात शिजवला आणि ज्यांनी यादी केली, त्यांच्या हाती गोष्ट दिली, ही या कादंबरीची निवड मला मनापासून पटते. ऐतिहासिक कादंबरीकाराने कागदातली उणीव भरून काढायची असते म्हणतात. मला वाटतं त्याआधी कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, हे वाचकाला दिसेल अशी मांडणी करायची असते.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक धोका आहे. आपली ऐतिहासिक कादंबरी गड, तलवारी आणि थोर पुरुषांवर वाढली. तिच्या सवयीने जेकबवर लिहायला गेलं तर तो एक तर स्वामिनिष्ठ हुजऱ्या होईल, नाही तर आजच्या भाषेत भाषणं करणारा बंडखोर. तो दोन्ही नव्हता. मनापासून ख्रिस्ती, शिकल्याचा अभिमान असलेला, आणि आपण ज्यांच्यातून आलो त्यांच्यापासून तुटलेला असा तो तरुण होता. त्याचा अभिमान लिहिताना हात आखडता घेऊ नये. ज्याला विकलं गेलं होतं त्याने आपल्या अक्षराचा अभिमान धरणं ही लहान गोष्ट नाही.

नंतर

५ जून १८७३ रोजी, म्हणजे प्रेत वाटेत असतानाच, फ्रियर साहेबांच्या शिष्टाईतून जंगबारच्या सुलतानाने करार केला आणि तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. त्यानंतर प्राइस मोंबासाला गेले आणि फ्रियरटाउन ही वसाहत उभी केली. नाशिकची आफ्रिकन मंडळी बायकापोरांसह तिकडे नेली. तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. विचार करा, आफ्रिकेत जन्मलेल्या माणसाला आफ्रिकेत परत आल्यावर मुंबईकर म्हणायचे.

इंग्रजी कपडे घालणारे, इंग्रजी बोलणारे, गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीने वागवलं जाण्याची अपेक्षा ठेवणारे हे लोक मिशनऱ्यांना डाचू लागले. त्यांतलाच विल्यम जोन्स. १८८५मध्ये इश्माएल सेमलरबरोबर त्याला बिशप हॅनिंग्टनने डीकनची, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीची, दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन आतल्या भागात मारला गेला, आणि उरलेला काफिला ‘ईखाबोद’, म्हणजे वैभव गेलं, असं लिहिलेला निळा झेंडा धरून जोन्सने किनाऱ्यावर परत आणला. पुढे मोंबासाजवळच्या राबाई इथल्या मिशनमध्ये पळून आलेले गुलाम आसऱ्याला येऊ लागले. किनाऱ्यावरचे अरब आणि स्वाहिली मालक चवताळले. शेवटी १ जानेवारी १८८९ रोजी तिथला कारभार बघणाऱ्या ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने १,४२१ जणांच्या सुटकेचे कागद दिले. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना.

जंगबारमध्ये गुलामीची कायदेशीर मान्यता १८९७मध्ये संपली, केनियाच्या किनाऱ्यावर १९०७मध्ये. जेकब १८९२मध्ये उरांबो इथे, किनाऱ्यापासून दूर, वारला. चेंग्विंबे ऊर्फ मॅथ्यू वेलिंग्टन मात्र मोंबासात १९३५पर्यंत जगला. म्हातारपणी लिव्हिंगस्टनचा शेवटचा साथीदार म्हणून लोक त्याला भेटायला येत.

कुणी मराठीत ही कादंबरी लिहायला घेतली तर माझं एक मागणं आहे. सुरुवात चितांबोच्या झोपडीपासून करू नये. शरणपूरच्या सुतारशाळेपासून करावी. लाकडाचा भुसा, गोदावरीकाठचा पावसाळा, पाटीवर गिरवलेलं वेनराइट हे नाव, आणि ते नाव पहिल्यांदा कुणीतरी हाक मारून घेतलं तेव्हा मागे वळून न बघितलेलं पोर.